मिस्त्रींच्या खिट्ट्या आणि मिरी

आमच्या वर राहणारे मिस्त्री सुतारकामात एक नंबर आणि स्वभावाने हट्टी. त्यांनी बसवलेलं दार कधी कुरकुरलं नाही आणि त्यांनी एकदा धरलेला हेका कधी सुटला नाही. मी त्यांच्या खालीच, जिन्याच्या तोंडाशी, शिवणाचं दुकान चालवते. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं, असली कामं. दिवसभर माझं मशीन आणि त्यांची हातोडी एकमेकांना ऐकवत असतात. आमची भांडणंही बऱ्यापैकी होतात, कारण त्यांच्या भुशाने माझ्याकडचे पांढरे कपडे पिवळे पडतात. पण त्या दिवशी जे झालं ते मीच सांगितलेलं बरं. मिस्त्री सांगायला बसले की रडतात आणि त्यांची लेक सांगायला बसली की चिडते.

बायको गेल्यावर मिस्त्री बरेच दिवस एकटे होते. खाणंपिणं सुटल्यासारखंच झालं होतं. मी खालून हाक मारली तर अनवाणी धावत यायचे, कुणीतरी बोलावलं एवढ्याचंच त्यांना अप्रूप. मग लेक त्यांच्याकडे राहायला आली, कडेवर मिरीला घेऊन. जावई लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, त्याचं घर म्हणजे ट्रकच. लेक औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, सकाळी जाते ती दिवे लागताना येते. म्हणजे दिवसभर नात आजोबांकडे. मिस्त्रींनी बाहेरची कामं घेणंच सोडून दिलं आणि घरातच खुर्च्या दुरुस्त करत बसले. दुधापेक्षा सायीवर माया जास्त म्हणतात ते खोटं नाही. मिस्त्रींनी तर त्या सायीला वाराही लागू द्यायचा नाही असं ठरवलं होतं.

मिरी हे नाव माझंच. एवढीशी, काळीभोर, आणि दाताखाली आली तर डोळ्यांत पाणी. तिला तीन वर्षं पुरी व्हायला अजून अवकाश होता, पण ‘मी’ हा शब्द तिला सापडला होता आणि आता तो तिच्या हातून कुणाच्या बापाला काढून घेता येणार नव्हता. पाणी ओतायचं, मी. दार लोटायचं, मी. तिच्यासाठी आपण काही करून टाकलं तर ती ते उलटं करायची आणि पुन्हा पहिल्यापासून स्वतः करायची. एकदा दुकानात मी तिच्या फ्रॉकचं बटण लावलं. तिने ते काढलं, जिभेचं टोक बाहेर काढून पुन्हा लावलं, आणि मग माझ्याकडे अशी बघत राहिली की मलाच चोरी पकडल्यासारखं वाटलं. आणि ‘नको’ म्हणण्याची तर सोयच नव्हती. तिच्या कानात जाईपर्यंत ‘नको’चं ‘लवकर कर’ झालेलं असायचं.

मिस्त्रींनी यावर उपाय काढला तो सुताराचा. त्यांनी लाकडाची एक खिट्टी बनवली. एका हाताने खालचा तुकडा दाबून धरायचा आणि तो दाबलेला असतानाच दुसऱ्या हाताने वरची पट्टी सरकवायची, तेव्हा ती उघडायची.

“लहान मुलाला एका वेळी एकच काम जमतं, ताई,” ते मला म्हणायचे. “दोन हातांनी दोन वेगळी कामं करायला मोठं माणूस लागतं.”

घरभर खिट्ट्या झाल्या. कपाटांना, खिडक्यांना, बाहेरच्या दाराला. गॅसच्या बटणांवर तर त्यांनी फळ्यांची छोटी पेटीच बसवली. गॅस पेटवला की पेटीचं झाकण खाली आणि खिट्टी बंद. मी एकदा वर गेले असताना मला चहासाठी साखरेचा डबा काढता येईना.

“हे घर आहे की तिजोरी, मिस्त्री?” मी विचारलं, तर माणूस खूश होऊन हसला.

हे सगळं मिरीला इजा होऊ नये म्हणून, असं ते सांगायचे. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. लेकीच्या कारखान्याला लागून एक बालवाडी आहे. तिथल्या बाईंची अट साधी. मूल आपल्या हाताने जेवलं पाहिजे, आपल्या चपला घातल्या पाहिजेत, शू लागली तर सांगितलं पाहिजे. एवढं यायला लागलं की घेऊन या. लेक अधूनमधून विचारायची, “बाबा, जेवते का आता हाताने?” आणि मिस्त्री मान हलवायचे. “कुठलं? सगळं अंगावर सांडते. लहान आहे गं अजून.” आणि मी तर माझ्या डोळ्यांनी बघितलेलं, मिरी माझ्या दुकानात बसून डबा उघडते, खाते, आणि झाकण लावून परत माझ्या हातात देते. मी तोंड उघडणार तोच मिस्त्री मागून डोळे वटारायचे. मी गप्प बसायचे. शिवणाऱ्या बाईला लोकांची सगळी मापं माहीत असतात, ती चारचौघांत बोलायची नसतात. मिरी बालवाडीत गेली की मिस्त्री पुन्हा एकटे, एवढं सरळ होतं ते. म्हणून पोरीला काही येत नाही असं ते म्हणत राहिले, आणि म्हणता म्हणता त्यांना स्वतःलाही ते पटलं.

तर त्या दिवशी. मिस्त्रींच्या कपाटातली बिस्किटं गेले काही दिवस कमी होत होती आणि मिस्त्रींचा संशय उंदरावर होता. कपाटाला खिट्टी, ती जागच्या जागी बंद, मग बिस्किटं खाणार कोण? त्यांनी असा निष्कर्ष काढला की कपाटाच्या मागे, वर छताला लागून जी फट आहे, तिथून उंदीर येतो. सकाळी लेक कामावर गेली. मिस्त्रींनी मिरीसाठी दूध तापत ठेवलं, बटणांच्या पेटीची खिट्टी लावली, आणि तेवढ्यात ती फट बुजवून टाकू म्हणून लाकडाची पट्टी घेऊन स्टुलावर चढले. स्टूल त्यांनी स्वतः बनवलेलं, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. पाय त्यांचाच सरकला.

आवाज मी ऐकला. धप्पकन झालेला. पण सुताराच्या घरात काही पडलं तर कोण उठून बघायला जातं? मी छताकडे बघून दोन शब्द हासडले आणि मशीन पुन्हा चालू केलं. यापुढचं मिस्त्रींनी मला दवाखान्यात इतक्यांदा सांगितलं आहे की आता ते माझ्याच डोळ्यांसमोर घडल्यासारखं झालं आहे.

ते डाव्या कुशीवर पडले आणि मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. तेव्हा हे कुठलं कळायला, एवढंच कळलं की तो पाय आता आपलं ऐकत नाही. उठायला गेले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. कोपरांवर सरकून पाहिलं, वीतभर सरकले आणि तिथेच गळून पडले. मोबाइल बाहेरच्या खोलीत, उंच कपाटाच्या माथ्यावर, कारण मिरीने तो एकदा बादलीत बुडवला होता. त्यांनी मला हाका मारल्या. खाली माझं मशीन घरघरत होतं आणि त्यांच्या तोंडून आवाज कसला, नुसता वारा निघत होता.

मिरी बाहेरच्या खोलीतून आली. तिच्या आबांना जमिनीवर बघून तिला वाटलं नवा खेळ आहे. ती त्यांच्या शेजारी आडवी झाली आणि त्यांना थोपटायला लागली. मिस्त्रींची नजर गॅसवर. जमिनीवरून त्यांना पातेल्याचा फक्त बुडाकडचा भाग आणि खालची निळी ज्योत दिसत होती. मग दूध वर आलं. पातेल्याच्या काठावरून खाली ओघळलं, फस्स झालं, आणि ज्योत दिसेनाशी झाली.

विझल्यावर आधी काहीच झालं नाही. दूध ओट्यावरून थेंब थेंब खाली पडत होतं. मग वास आला. खिडक्या बंद, दार बंद, सगळ्यांना खिट्ट्या. सगळ्या त्यांच्याच हातच्या, एकीलाही कुठे ढिली म्हणून बोट दाखवता येणार नाही अशा. मिस्त्री म्हणतात, ताई, मरणाची भीती नाही वाटली, पण पोरगी माझ्या अंगाला चिकटून श्वास घेत होती आणि तो श्वास मला ऐकू येत होता.

“मिरी, बाहेरच्या खोलीत जा,” ते म्हणाले.

ती उठली. पण गेली नाही. तिला सांडलेलं दूध दिसलं. ती मोरीपाशी गेली, फरशी पुसायचं फडकं घेऊन आली, आणि बसून दूध पुसायला लागली. पुसायची, फडकं उलटायची, पुन्हा पुसायची, आई पुसते तस्सं. हे हिला येतं हे मिस्त्रींना माहीत नव्हतं. वास वाढत होता आणि ती जीव लावून फरशी पुसत होती. “राहू दे ते, बाहेर जा,” ते ओरडले, तर ती जास्तच जोर लावून पुसायला लागली.

आता एकच राहिलं होतं. ओट्यावरची ती पेटी उघडून बटण बंद करायचं. आणि ते करायला घरात हात होते फक्त त्या पोरीचे.

“मिरी,” ते म्हणाले, “तिकडे बघ. ती पेटी आहे ना, तिची खालची बाजू दाबायची, आणि मग वरची—”

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने फडकं टाकलं. त्यांची हत्यारांची पेटी ढकलत ढकलत ओट्याला लावली, तीवर चढली, डाव्या अंगठ्याने खालचा तुकडा दाबला, उजव्या हाताने पट्टी सरकवली आणि झाकण वर केलं. अडखळली नाही, चाचपडली नाही. माझ्या मशीनची सुई मी जशी न बघता ओवते तशी तिने ती खिट्टी उघडली.

मिस्त्रींना दोन गोष्टी एकदम कळल्या. बिस्किटं उंदीर खात नव्हता. आणि बटणांची ही पेटी आज पहिल्यांदा उघडलेली नव्हती. ते दुपारी डुलकी काढत तेव्हा, किंवा रंधा मारत पाठमोरे बसत तेव्हा, पोरगी घरभर खिट्ट्या उघडत फिरत होती आणि नीट लावून ठेवत होती. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि पहारेकरी आपल्याच कुलपाची तारीफ करत बसलेला. आपण इतके दिवस कशावर झोपत होतो हे कळून त्यांच्या अंगाला घाम फुटला.

“शाब्बास,” ते म्हणाले. “आता पहिलं बटण फिरव.”

पहिलं म्हणजे कुठलं, हे तिला कसं कळणार? तिने जे हाताला लागलं ते दाबून फिरवलं. ते दुसऱ्या शेगडीचं होतं. सूं आवाज दुप्पट झाला.

आणि मग तिने लायटर उचलला. मिस्त्रींनी दूध तापत ठेवल्यावर तो तिथेच ओट्यावर टाकला होता. तिच्या दृष्टीने ती बरोबरच करत होती. आबा बटण फिरवतात, मग लायटरने टक करतात, मग निळं फूल येतं. तिने लायटर दोन्ही हातांत धरला आणि त्याचा खटका दाबायला अंगठा लावला. मिस्त्रींच्या गळ्यापर्यंत ‘नको’ आलं. त्यांनी तो शब्द गिळला. म्हणतात, ताई, आयुष्यात एवढा जड घास मी गिळला नाही.

“अरे वा,” ते म्हणाले. आवाज थरथरू नये म्हणून त्यांनी फरशीवर नखं दाबून धरली होती. “लायटर छान आहे गं. तुझा आहे का?”

“मिरीचा,” ती म्हणाली. अंगठा खटक्यावरच.

“हो, हो, मिरीचाच. आबाला दाखवतेस? आबाला इथून दिसत नाही. इकडे आणून दाखव.”

तिने विचार केला. खरंच केला, खाली बघत, ओठ पुढे काढून. मग लायटर छातीशी धरून ती हत्यारांच्या पेटीवरून पाठमोरी उतरली, आधी एक पाय, मग दुसरा, आणि त्यांच्या तोंडापुढे लायटर नाचवला. मिस्त्रींनी तो मुठीत पकडला आणि आपल्या अंगाखाली सारला.

व्हायचं तेच झालं. फसवलं गेल्याचं मिरीला कळलं आणि तिने जमिनीवर अंग टाकून टाहो फोडला. मिस्त्रींच्या डोक्यात आता घण पडत होते, मळमळत होतं. गॅस दोन्हीकडून सुटलेला. समजावलं, “बाळा, बटण बंद कर.” “नाय.” दरडावलं. “नाय.” बिस्किट देतो म्हणाले. तिने त्यांच्याकडे पाठ फिरवली. बिस्किट कुठे असतं आणि कसं काढायचं हे तिला त्यांच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मग मिस्त्री रडायला लागले. नाटक नव्हतं ते. पायाच्या कळांनी, भीतीने, सगळ्याने मिळून रडू आलं. आणि रडता रडता त्यांच्या तोंडून निघून गेलं, “मिरी, आबाला येत नाही गं. आबाला काहीच येत नाही. तू करून दाखव.”

असं त्यांनी तिला कधी म्हटलं नव्हतं. तिचं आजवरचं सगळं आबाच करत आले होते, आबाला येत नाही असं काही असतं हेच तिला माहीत नव्हतं. ती रडायची थांबली. नाक हाताने पुसलं. पुन्हा हत्यारांच्या पेटीवर चढली, आणि मागे वळून ते बघत आहेत ना याची खात्री करून घेतली.

“हे?” तिने विचारलं.

“हे. उभं कर, सरळ वर.”

तिने ते वळवलं.

“आता त्याच्या शेजारचं. ते पण.”

ते जरा घट्ट होतं. दोन्ही हात लावून तिने ते फिरवलं, तशी तिची टाच पेटीच्या कडेवरून सुटली. मिस्त्रींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती ओट्याच्या कडेला धरून उभी होती आणि आवाज थांबला होता.

आवाज थांबला, पण वास घरात कोंडलेला होताच. दार उघडायला हवं होतं. बाहेरच्या दाराची खिट्टी ती उघडेल याबद्दल आता मिस्त्रींना शंका नव्हती. शंका होती ती दाराबाहेरच्या जिन्याची. आमचा जिना उभा, पायऱ्या अरुंद, कठड्याच्या गजांतून पोर सहज पलीकडे जाईल एवढी फट. मिस्त्रींनी तिला त्या जिन्यावर आजवर एक पायरी स्वतःच्या पायाने उतरू दिली नव्हती, कायम कडेवर. आता तिला आत ठेवावं तर हा वास, बाहेर पाठवावं तर तो जिना. आणि दोन्हीकडे धरायला हात नाही. त्यांनी किती वेळ विचार केला ते त्यांनाही सांगता येत नाही. मग म्हणाले, “दार उघड. खाली काकूकडे जा. भिंतीला धरून जा, हळू.”

“मी,” मिरी म्हणाली आणि गेली. जाताना फरशीवरचं फडकंही उचललं.

दार उघडल्याचा आवाज आला. पहिल्या पायरीवर पाय टेकल्याचा आला. मग माझं मशीन सुरू झालं आणि मिस्त्रींना पुढचं काही ऐकू आलं नाही. ते नुसते कान लावून पडले होते, काही पडल्याचा आवाज येतो का म्हणून. माझ्या मशीनला त्यांनी तेव्हा किती शिव्या दिल्या असतील, त्या मला लागल्या म्हणून मी रागावत नाही.

मी मान वर केली तर दुकानाच्या दारात मिरी. एकटी, अनवाणी, हातात दुधाचं ओलं फडकं.

“दूध सांडलं,” ती म्हणाली.

“मग आबाला सांग की. मला काय सांगतेस?”

“आबा उठत नाही.”

माझा पाय मशीनच्या पेडलवरून सुटला. मी तिला काखोटीला मारली आणि जिना चढले. ती हातपाय झाडत किंचाळत होती, “मी, मी,” पण तेव्हा कुणाचं ऐकायला मला वेळ नव्हता. दारातच वास नाकात गेला. मिस्त्री स्वयंपाकघरात पडलेले, ओठ पांढरे, आणि पहिला प्रश्न काय तर, “पडली नाही ना?” मी म्हटलं, तुम्ही पडलात, ती धडधाकट आहे, आणि खिडकीकडे धावले. ती त्यांची खिट्टी. दाबली तर सरकेना, सरकवली तर दाबलेली सुटली. जन्मभर मी बोटांवर पोट भरलं, आणि ते लाकडाचं चिटोरं माझं ऐकेना. शेवटी त्यांचीच हातोडी घेतली आणि खिडकीची काच फोडली. मिस्त्रींनी तेवढ्यातही हाय केलं.

मी रुग्णवाहिकेला फोन लावला, लेकीला लावला, आणि मग बघते तर मिरी घरात नाही. जिन्याकडे पळाले. ती पार खाली, पहिल्या पायरीशी उभी. मी तिला उचलून वर आणलं होतं ना, म्हणजे तिचं चढणं चोरलं होतं. ती परत खाली उतरून आता पहिल्यापासून चढत होती. एक पाय वर, मग त्याच पायरीवर दुसरा, हात भिंतीला. मी वरच्या पायरीवर उभी राहिले. धावत जाऊन उचलावं तर ती पुन्हा खाली जाणार. म्हणून नुसती बघत राहिले, आणि मीच कठडा धरला. मूर्ती लहान, कीर्ती महान म्हणणं सोपं, पण मिस्त्री आत जमिनीवर पडून काय बघत होते ते मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी दवाखान्यात मिस्त्री पाय बांधून पडले होते, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलेलं. मिरी माझ्या मांडीवर झोपली होती. लेक कामाच्या कपड्यांतच आली होती आणि आल्यापासून एक क्षण बसली नव्हती.

“मी नोकरी सोडते,” ती म्हणाली. “आणि घरी गेले की आधी दाराला कडी घालते, पार वर. गॅस तर मी कुलपातच ठेवणार आहे. जिन्यावरून पडली असती ना ती, बाबा. तिच्या हातात लायटर होता.”

“कडी नको लावू,” मिस्त्री म्हणाले. “काही उपयोग नाही त्याचा. बालवाडीत घाल तिला.”

“आत्ता? तिला अजून जेवताही येत नाही म्हणता तुम्ही.”

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी नजर दुसरीकडे वळवली. मापं ज्याची त्याने सांगावीत.

“येतं,” ते म्हणाले. “जेवता येतं. चपला घालता येतात, त्याही बरोबर पायात. शू सांगते. डबा उघडते, लावते. मी तुला खोटं सांगत होतो. ती गेली असती बालवाडीत, आणि मग मी त्या घरात...”

मला वाटलं लेक आता फुटणार. ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसली, पलंगापासून लांब.

“मला माहीत होतं, बाबा.”

मिस्त्रींनी उशीवरून डोकं उचललं.

“रात्री माझ्याजवळ ती सगळं करते. हाताने जेवते, कपडे स्वतः काढते. मला काय डोळे नाहीत? बालवाडीच्या बाईंना मी केव्हाच भेटून आले. त्यांनी जागा धरून ठेवली आहे.”

“मग नेलं का नाहीस?”

“आई गेल्यावर तुम्ही जेवत नव्हता. अंघोळ करत नव्हता. ती आली आणि तुम्ही सकाळी उठायला लागलात.” तिचा आवाज चढला होता, पण राग मिस्त्रींवर नव्हता. “तुम्हाला वाटायचं तुम्ही तिला सांभाळता. मी तिला तुमच्याजवळ ठेवून जात होते, तुम्हाला सांभाळायला. एवढ्याशा पोरीवर आपला बाप टाकून रोज कामावर जात होते मी. आणि आज तिला खरंच ते करावं लागलं.”

मिस्त्रींनी डोळे पुसले नाहीत की मान वळवली नाही. जन्मात प्रथमच त्या माणसाकडे धरून ठेवायला काही मत उरलं नव्हतं.

“सोमवारी ने तिला,” ते शेवटी म्हणाले.

“नेते.”

“मग माझं काय?” हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात विचारलं की मला मांडीवरच्या पोरीकडे बघावं लागलं.

“आता तुमचं तुम्ही, बाबा,” लेक म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिलाच रडू कोसळलं. मिस्त्रींनी पडल्या पडल्या हात पुढे केला. तो तिच्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून तिने खुर्ची जवळ ओढली.